डावीकडे ओढणारी गाडी

माझ्या गाडीकडे बघता बघता त्या तरुणाचा चेहरा पांढराफटक पडला. हातातला कागदी कप तिरका झाला, गरम कॉफी त्याच्या बुटांवर सांडायला लागली... आणि त्याला पत्ताच नव्हता.

"बूट भिजतायत तुमचे," मी खिडकीतून म्हटलं.

त्याने खाली पाहिलं, कानापर्यंत लाल झाला, आणि पुन्हा गाडीकडेच बघायला लागला. पेट्रोल पंपावर त्याच्या मागे त्याचाच, बटाट्याच्या पोत्यांनी भरलेला ट्रक उभा होता.

"ही... ही कुठून घेतलीत?"

"चोरली. का, पोलिसात आहात?"

तो हसला नाही. बॉनेटवरच्या पांढऱ्या पट्ट्यावरून त्याने बोट फिरवलं – न टेकवता, हवेतूनच. "एकच पट्टा. तोही एका बाजूला. असा कुणी मागत नाही. सगळे दोन घेतात."

"मला अशीच मिळाली. कुणीतरी खास सांगून बनवून घेतली होती, आणि मग न्यायलाच आला नाही म्हणे."

"नाहीच आला," तो हळूच म्हणाला. "माझा धाकटा भाऊ. लेनी."

मी बर्नडीन. तेव्हा, एकोणीसशे एकोणसत्तरच्या त्या पानगळीत, मी शाळेची बस चालवत होते. मिशिगनच्या या टोकाला, लेक ह्यूरॉन या अफाट तळ्याच्या काठाकाठाने, रोज सकाळ-संध्याकाळ तीच पिवळी, ढिम्म, खोकणारी बस. पाठीमागे पोरांचा कालवा. आणि डोक्यात मात्र एकच स्वप्न – आठ सिलिंडरचं इंजिन, चार गिअर, आणि पुढे मोकळा रस्ता. मैत्रिणी लग्नाचे पोशाख बघत होत्या तेव्हा मी शोरूमच्या काचेला नाक लावून उभी असायचे.

"वडिलांना घेऊन या," शोरूमचे मालक ऑस्ट्रँडर मला म्हणाले होते.

"ते कशाला? चालवणार मी आहे."

"ही जरा जोरकस गाडी आहे, बाई..."

"मग बसा शेजारी."

ते बसले. परत आलो तेव्हा त्यांची टोपी मागच्या सीटवर होती आणि दोन्ही हात डॅशबोर्डला चिकटलेले. चावी त्यांनी मुकाट्याने माझ्या हातात ठेवली. गर्द जांभळा रंग, सीटवर अजून प्लास्टिक, आणि तो आवाज! पायाचा नुसता अंगठा दाबला तरी पोटात काहीतरी गोड हलायचं. पहिल्या दिवशी मी एकटीच गात गात घरी आले.

दुसऱ्या आठवड्यात तो वास सुरू झाला.

नव्या गाडीला नव्या रबराचा, रंगाचा वास असतो. माझ्या गाडीत एका सकाळी साचलेल्या पाण्याचा वास आला. थंड, चुनखडीचा. पायाखालची चटई ओली होती. पाऊस नव्हता, काचा बंद होत्या. आणि त्याच दिवसापासून, तळ्याकाठच्या रस्त्यावर जिथे जुन्या चुनखडीच्या खाणीकडे फाटा फुटतो, तिथे गाडी डावीकडे ओढायला लागली. नुसता कल नव्हता तो. कुणीतरी शेजारून हात घालून स्टिअरिंग वळवावं, तशी ओढ!

ऑस्ट्रँडरच्या मेकॅनिकने गाडी खालून-वरून पाहिली. "चाकं सरळ आहेत," तो म्हणाला. "रस्ता वाकडा असेल."

हे सगळं मी कुणालाच सांगितलं नव्हतं. मग त्या पंपावर, कॉफीने बूट भिजलेल्या एका अनोळखी माणसाला का सांगावंसं वाटलं... कोण जाणे. डोळे तसे होते त्याचे. थकलेले, आणि तरी ऐकणारे.

सगळं ऐकून त्याने रिकामा कप फेकून दिला. मग म्हणाला, "एकदा बसू का आत?"

"नाव तरी सांगा आधी."

"काझिमिर. पण आई रागावली असेल तरच. एरवी काझ."

"मी बर्नडीन. आणि मला अहो-जाहो नको. बसमधली पोरंही करत नाहीत."

आता मात्र तो हसला. "बस, मग. मी दार लावतो तुझं."

"मी बसलेलीच आहे."

"हो की," तो म्हणाला, आणि दुसऱ्यांदा लाल झाला.

त्या दिवसापासून दर रविवारी चर्च सुटलं की काझ आमच्या कोपऱ्यावर उभा असायचा. कोटाच्या खिशात सफरचंदं, कधी आईने दिलेले गरम पिएरोगी – बटाट्याचं सारण भरलेल्या पोलिश करंज्या – रुमालात बांधून. आम्ही तळ्याच्या काठाने भटकायचो. लेनीबद्दल तो तुकड्यातुकड्याने सांगायचा. हे दोघेच भाऊ. काझ व्हिएतनाममध्ये लढत असताना लेनीलाही सैन्याचं बोलावणं आलं. आणि वसंताच्या सुरुवातीला, असंच दाट धुकं पडलेलं असताना, लेनी आपला जुना निळा पिकअप घेऊन घराबाहेर पडला तो परतलाच नाही.

"सगळ्या गावाने ठरवलं की सैन्य चुकवायला तो कॅनडात पळाला," काझ म्हणाला. "बाबांनीही तेच मानलं. भिंतीवरचा फोटो उतरवला. घरात त्याचं नाव काढायचं नाही. आई स्वयंपाकघरात तोंडाला एप्रन लावून रडते."

"आणि तुला काय वाटतं?"

"ही गाडी कारखान्यात बनत होती, बर्नी. तो मला प्रत्येक पत्रात फक्त हिच्याबद्दल लिहायचा. हिला सोडून तो स्वर्गातही गेला नसता!"

बोलून तो एकदम थांबला. खिडकीबाहेर धुकं काचेला चिकटून सरकत होतं. मी काच घट्ट वर केली.

तो शेजारी असला की गाडी शांत असायची, हे मात्र खरं. वास कमी व्हायचा. फक्त त्या फाट्याशी ओढ दुप्पट व्हायची. मी दोन्ही हातांनी चाक धरून ठेवायचे, आणि तो फाटा मागे पडला की आम्ही दोघंही श्वास सोडायचो... आणि त्याबद्दल बोलायचो नाही. बोलण्यासारखं दुसरं पुष्कळ होतं. तो माझ्या गाण्याची नक्कल करायचा. मी त्याच्या बटाट्यांची थट्टा करायचे.

"बटाट्याला नावं ठेवू नकोस. जन्मभर खावे लागतील."

"का म्हणून?"

"...असंच आपलं. गावात दुसरं काय पिकतं?"

मग एक रविवार आला. दुपारच धूसर होती, दिवे लावूनही चार हातांपलीकडचं दिसत नव्हतं. गिअरवर माझा हात होता, आणि त्याच्यावर दुसरा हात आला. गार होता. मला हसूच फुटलं. इतके आठवडे वाट बघायला लावली, आणि आज एकदम धिटाई!

"हात गार आहे रे तुझा," मी रस्त्यावरची नजर न काढता म्हटलं. "पण असू दे."

"कुठला हात?"

मी वळून पाहिलं. काझच्या एका हातात चाकू होता, दुसऱ्यात अर्धवट सोललेलं सफरचंद. साल मांडीवर लोंबत होती.

आणि माझ्या हातावरचा तो गारवा अजून तिथेच होता. बोटं जाणवत होती, एकेक. त्यांनी माझा हात दाबला, घाई असल्यासारखा, आणि गिअर तिसऱ्यात टाकला.

मी किंचाळून गाडी कडेला घेतली. हात छातीशी धरून बसले. हाताच्या पाठीवर ओल होती, पाण्याचे थेंब. काझने तो हात आपल्या दोन्ही तळव्यांत घेतला. त्याचे हात ऊबदार होते, खरखरीत होते, बटाट्याच्या मातीचे होते.

"लेनी असंच करायचा," तो कसाबसा म्हणाला. "मी चालवत असलो की माझ्या हातावरून गिअर टाकायचा. मी फार हळू चालवतो म्हणून."

इंजिन आपलं आपण गुरगुरत होतं. फाटा समोरच होता.

"काझ," मी शेवटी म्हटलं, "आज मी चाक धरून ठेवणार नाही."

"वेडी आहेस का? तिकडे खाण आहे. कठडाही नाही."

"मी पहिल्या गिअरमध्ये राहीन. पाय ब्रेकवर. तू उतर हवं तर."

"तुला एकटीला सोडून?" तो चिडून म्हणाला. "गप चालव!"

मी स्टिअरिंगवर नुसती बोटं टेकवली. फाट्याशी आलो, आणि चाक फिरलं. अलगद, सवयीच्या हाताने फिरावं तसं. खडीचा रस्ता चाकांखाली करकरायला लागला. दोन्ही बाजूंना बर्चची झाडं धुक्यात पांढरी, उभी... गर्दी जमून वाट बघत असल्यासारखी. पाण्याचा वास इतका वाढला की घशात चुन्याची चव आली. रेडिओ बंद होता, आणि तरी त्यातून बारीक बुडबुडे फुटल्यासारखा आवाज यायला लागला.

मग माझ्या पायाखालचा ॲक्सिलरेटर आपोआप दबला.

मी ब्रेकवर उभीच राहिले म्हणा ना! ब्रेक लागेना. गाडी गर्जत सुटली. समोर धुक्यात रस्ता संपत होता, आणि पुढे फक्त पांढरी पोकळी. मला वाटलं, याला आम्हाला काही दाखवायचं नाहीये. याला सोबत हवी आहे.

"लेनी!" काझ ओरडला. तसा आवाज मी त्याचा कधी ऐकला नव्हता. "लेनी, हिला नको! ऐकतोयस का? मला हिच्याशी लग्न करायचंय, गाढवा... थांब!"

इंजिन बंद पडलं. गाडी खडीवरून घसरत गेली आणि थांबली.

मग मी दार उघडलं आणि पाय टेकवला... तर पुढचं चाक कड्यापासून वीतभर होतं. दिवे मी बंद केलेले नव्हते, पण असे ते कधी पेटले नव्हते. पांढऱ्या दोन काठ्यांसारखा त्यांचा उजेड धुकं भेदून खाली, थेट हिरव्या पाण्यात उतरला होता. आणि तळाशी काहीतरी चमकत होतं. बंपर. त्यावरची मातकट निळी मागची फळी.

"पिकअप," काझ म्हणाला, आणि गुडघ्यांवर बसला.

शेरीफने पाणबुडे आणले, क्रेन आणली. धुक्यात फाटा चुकून लेनी खाणीच्या रस्त्याला लागला होता, एवढंच. कॅनडाच्या दिशेला नव्हे, घराकडे येताना. त्याच्या कोटाच्या आतल्या खिशात सैन्यात हजर होण्यासाठी काढलेलं बसचं तिकीट निघालं, शाई पसरलेलं, तरी वाचता येणारं. तो पळणार नव्हता. जायच्या आधी शोरूमला शेवटची चक्कर मारून येत होता, गाडी आली का बघायला. ऑस्ट्रँडरना ते आठवलं, आणि सांगताना ते रडले.

अंत्यविधीला सगळं गाव लोटलं. ज्यांनी कुजबुज केली होती तेही आले, मान खाली घालून. सगळं आटोपल्यावर काझचे वडील चर्चच्या आवारात माझ्या गाडीपाशी आले. उंच, वाकलेला, अबोल म्हातारा. मला काहीच न विचारता त्यांनी दार उघडलं आणि शेजारी बसले.

"चालव, पोरी," ते म्हणाले. "त्याने चालवली असती तशी."

मी तशी चालवली. तळ्याकाठच्या सरळ रस्त्यावर चौथा गिअर टाकला तेव्हा म्हाताऱ्याने खिडकी खाली केली, तोंड वाऱ्यात धरलं, आणि मोठ्याने मुलाला हाक मारली. एकदा. पुन्हा एकदा. गालांवरून ओघळ मागे उडत होते. परतताना म्हणाले, "घरी फोटो लावायचाय. उंचावर खिळा ठोकायला काझला सांगशील?"

त्यानंतर चटई कधी ओली झाली नाही. त्या फाट्यावरून मी मुद्दाम जायचे, बोटं सैल सोडून. गाडी सरळ जायची. खरं सांगू? थोडं चुकल्यासारखं वाटायचं... घरातलं कुणी गावाला गेलं की वाटतं तसं.

आणि काझ! दफनानंतर तो हवापाण्याबद्दल बोलायचा, पोत्यांबद्दल बोलायचा, माझ्याकडे बघायचा आणि नजर चुकवायचा. असे बरेच रविवार गेले. शेवटी पहिल्या बर्फाच्या सकाळी मीच चावी त्याच्या हातात दिली आणि शेजारच्या सीटवर जाऊन बसले.

"आज तू चालव."

"मी? मला ट्रक-ट्रॅक्टरची सवय. ही बंद पाडीन."

"पाड."

त्याने पाडली. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा बंद पडली तेव्हा मी हसून हसून वाकले होते.

"काझिमिर," मी डोळे पुसत म्हटलं, "त्या दिवशी खाणीवर तू भावाला काहीतरी सांगितलंस. मला कधी सांगणार आहेस?"

"तू ऐकलंस ना तेव्हा?"

"ते त्याला होतं. मला वेगळं हवं."

काचेवर बर्फाचे कण येऊन वितळत होते. त्याने गाडी पुन्हा सुरू केली, चाक घट्ट धरलं, समोर पाहिलं, मग माझ्याकडे. आणि कानापर्यंत लाल होत, एका दमात म्हणाला, "बर्नडीन, तू माझ्याशी लग्न करशील का? बटाट्यांसकट?"

बोलून तो इतका घाबरला की क्लचवरचा पायच सुटला. गाडीने असा गचका दिला, की माझं "हो" त्याच्या खांद्यावरच जाऊन आदळलं.