हातात बसेल असा कॅमेरा

बायको गेल्याचं मला वर्कशॉपमध्ये कळलं. मी एका गेटचं वेल्डिंग करत होतो. मालकाने मागून खांद्यावर हात ठेवला, म्हणून मी तोंडावरची काच वर केली. तो म्हणाला, "मशीन बंद कर. तुझ्या घरी पोलीस आलेत."

ती स्वयंपाकघरात पडली होती. डाव्या कानाच्या वर कुणीतरी जड, कोपरा असलेल्या वस्तूने घाव घातला होता. ती वस्तू सापडली नाही. उजव्या हाताची तीन बोटं मोडली होती. घाव चुकवायला तिने हात मध्ये घातला असणार, असं डॉक्टर म्हणाले. बोटांचं बाहेर बोलू नका, अशी इन्स्पेक्टरने ताकीद दिली. मी बोललो नाही. तिच्या थोरल्या भावालाही सांगितलं नाही. ती त्यांना दादा म्हणायची, म्हणून मीही दादाच म्हणतो.

"तुमची नजर चांगली आहे. कॅमेरा घ्या आणि माझा एक तरी बरा फोटो काढा," असं ती म्हणायची. शेवटी भिंतीवर लावायला ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून घ्यावा लागला. त्यात तिचे डोळे अर्धवट मिटलेले आहेत. ते बघवेना, म्हणून कॅमेरा घ्यायला निघालो. दादा सोबत आले.

"बैल गेला नि झोपा केला, जावईबापू," ते वाटेत म्हणाले.

दुकान वापरलेल्या डिजिटल कॅमेऱ्यांचं होतं. दुकानदार टकला आणि बोलका.

"पहिला कॅमेरा म्हणजे चप्पल. शेजाऱ्याची कितीही भारी असली तरी आपल्याला चावते. हातात धरा. न बघता बोटं बटणांवर जातात का बघा. आणि यांचाच एक काढा."

दादा दारापाशी उभे राहिले. "नीट काढा हं. अजून स्थळं येतात मला."

मी बटण दाबलं. पडद्यावर दादा हसत होते. त्यांच्या उजव्या हाताची तीन बोटं उलटी, मागे वळलेली होती. समोर दादा त्याच बोटांनी मिशी सारखी करत होते.

"हलले ते," दुकानदार म्हणाला. "नवशिक्याचं असंच होतं. हा घ्या."

दुसरा धातूचा होता, जड, कडक कोपऱ्यांचा. हातात बरोबर बसला. मी पुन्हा बटण दाबलं.

बोटं तशीच होती. आता डाव्या कानाच्या वरचे केसही ओले दिसत होते, आणि कॉलर काळी झाली होती. समोरची कॉलर पांढरी आणि कोरडी होती.

दुकानदाराने अंगठ्याने पडदा पुसला. पुन्हा पुसला.

"काय आलंय एवढं? आणा इकडे."

दादांनी कॅमेरा घेतला. बराच वेळ बघत राहिले. मान वर न करता म्हणाले, "हात मध्ये आणू नकोस म्हटलं होतं मी तिला."

मला उमगायच्या आत कॅमेरा वर गेला होता.

पहिला घाव दुकानदाराच्या जबड्यावर बसला. त्याचा दात काउंटरच्या काचेवर घरंगळला.

दुसरा माझ्या डोक्यावर येत होता. मी उजवा हात मध्ये घातला.

हाडांचा आवाज आधी आला. दुखायला नंतर लागलं.

दादा काचेचं दार फोडून पळाले. पोलीस त्यांना शोधताहेत. बहीणभावाचं काय बिनसलं होतं, मला आजही माहीत नाही.

जड कॅमेरा पोलिसांनी नेला. पहिला दुकानदाराने, जबडा बांधलेला असताना, माझ्या पिशवीत टाकला. त्याला तो दुकानात नको होता.

माझी तीन बोटं प्लास्टरमध्ये आहेत. बटण दाबता येत नाही. कॅमेरा तिच्या फोटोखाली फळीवर असतो. तरी रोज सकाळी त्यात एक नवा फोटो असतो. दादांचा. आधी कुठल्याशा खोलीच्या दारातून काढलेला, मग टेबलापासून, मग खाटेजवळून.

काल फोटोत खिडकी आली. तिची जाळी मी स्वतः वेल्ड केलेली आहे. जागा मी ओळखली.

आजच्या फोटोत दादा सरळ माझ्याकडे बघताहेत. त्यांनी उजवा हात डोक्यावर धरला आहे. बोटं अजून सरळ आहेत.

पोलिसांना मी अजून कळवलेलं नाही.