डावा खांदा, अर्धा इंच

मास्तरांच्या दुकानात मापं घेण्याची एक रीत होती. गिऱ्हाईक आणि मास्तर पडद्याच्या आत, मास्तरांची बायको बाहेर, मांडीवर वही घेऊन. आतून आकडा यायचा, बाहेर तो लिहिला जायचा. आकडा एकदाच, दोनदा नाही. तीस वर्षांत तिनं कधी "काय म्हणालात?" विचारलं नव्हतं, आणि तीस वर्षांत एका कोटाची बाही चुकली नव्हती.

पडदा जाड, तपकिरी, पितळी कड्यांवर सरकणारा. आत एक आरसा, एक खुंटी आणि तीन बाजूंना भिंत. आत जायची वाट तीच, बाहेर यायची वाटही तीच.

छातीचं माप झालं की पोटाआधी मास्तर हमखास म्हणायचे, "पोट आत घेऊ नका साहेब, कापड खोटं बोलत नाही." गिऱ्हाईक हसायचं. बायको बाहेर हसायची, हजारदा ऐकूनही. शेवटचं माप गळ्याचं. ते झालं की मास्तर म्हणायचे, "झालं. श्वास सोडा."

त्या दिवशी आत वकीलसाहेब होते. "खांदा अठरा," मास्तर म्हणाले. तिनं लिहिलं. पुढे बाही यायची. ती आली नाही.

ती पेन धरून बसली. वाटलं, टेप गुंतली असेल. वकीलसाहेब आरशाकडे तोंड करून ताठ उभे होते. मागे काहीतरी खाली गेलं, तेव्हा त्यांना वाटलं मास्तर पायाचं माप घ्यायला बसले. मास्तर जमिनीवर पडलेले, आणि दोन शहाणी माणसं त्यांच्या पुढच्या आकड्याची वाट पाहत होती! किती वेळ? तिनं तो नंतर मनात पुष्कळदा मोजला, आणि दर वेळी तो वाढत गेला.

शेजारच्या तलावावर पोहायला शिकवणारी बाई धावत आली. तिनं रुग्णवाहिका येईपर्यंत छाती दाबत ठेवली. हृदय नऊ मिनिटं बंद होतं. मग सुरू झालं.

माणूस गेला की काय करायचं, हे जगात सगळ्यांना ठाऊक असतं. परत आला तर काय करायचं, ते कुणी शिकवून ठेवलेलं नाही. ती देवासमोर बसून फक्त रडली. कृपेला हिशेब विचारू नये, एवढं तिला कळत होतं.

दोन महिन्यांनी मास्तर दुकानात बसू लागले. हात सगळं जाणत होते. कात्री सरळ चालायची, टाका एकसारखा पडायचा. शब्द मात्र हरवायचे. इस्त्रीला ते "ते गरम" म्हणायचे. सकाळी काय खाल्लं ते दुपारी आठवायचं नाही. पोटाचं माप घेताना ते गप्प राहायचे, आणि गळा झाला की टेप गळ्यात टाकून बाहेर यायचे. श्वास सोडायला कुणी सांगत नव्हतं.

"वहिनी, तू काय गं, दादा हसत नाही म्हणून तोंड पाडून बसतेस?" नणंद म्हणाली. "मरणाच्या दारातून आलाय तो! जरा दम धर."

"वन्सं, त्यांचा डावा खांदा बघितलात?"

"खांद्याला काय झालं?"

"काहीच नाही. तेच म्हणतेय."

मशीनवर वाकून वाकून मास्तरांचा डावा खांदा अर्धा इंच उतरला होता. लग्नानंतर पाचेक वर्षांत, तिच्या डोळ्यांदेखत. आता दोन्ही खांदे सारखे होते, खुंटीवर टांगलेल्या नव्या हँगरसारखे.

डॉक्टर म्हणाले, "अंथरुणावर पडून स्नायू उतरतात, वजन जातं. मेंदूला काही मिनिटं रक्त मिळालं नाही. विसरणं, चिडणं, उदास होणं, भास, हे सगळं होऊ शकतं. सावकाश सुधारेल." मग चष्मा काढून तिच्याकडे बघितलं. "आणि तुम्ही? झोपता का? अशा आजारात घरचं माणूसही आजारी पडतं. त्याला कुणी विचारत नाही."

ती "झोपते" म्हणाली. खोटंच.

तिला एकच गोष्ट हवी होती. जो माणूस आत पडला, तोच बाहेर आलाय, एवढं कुणीतरी तिला छातीवर हात ठेवून सांगावं.

त्यानंतरच्या आठवड्यात, भर दुपारी, ती काजं करत बसली होती. आतून आवाज आला, "उंची साडेएकोणतीस." तिनं वही ओढली. "छाती चाळीस. पोट एकोणचाळीस. खांदा साडेअठरा, डावा अर्धा उतरता. बाही चोवीस." सगळं लिहून झालं. मास्तर पडदा सारून बाहेर आले. त्यांच्या मागे कुणी नव्हतं.

"अहो, कोण होतं आत?"

"गिऱ्हाईक."

"मग गेलं कुठे?"

मास्तरांनी टेपची गुंडाळी केली. "गेलं कुठे? आहे की."

ती आत जाऊन आली. आरसा, खुंटी, तीन भिंती.

संध्याकाळी तिनं जुनी वही काढली. चार वर्षांपूर्वी भाच्याच्या लग्नासाठी मास्तरांनी स्वतःला कोट शिवला होता. तेव्हा टेप तिनं धरली होती. साडेएकोणतीस. चाळीस. एकोणचाळीस. डावा अर्धा उतरता. एकही आकडा इकडचा तिकडे नव्हता.

डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, जुनी आठवण वर येते, रुग्णाला ती आत्ताची वाटते. चांगलं लक्षण आहे. तिनं मान हलवली. पटलं होतं. पटलेलं सगळंच घशाखाली उतरतं असं नाही.

मास्तरांनी त्याच मापांवर करड्या कापडाचा कोट बेतला. कच्चे टाके घालून तो आत नेला, ट्रायलला. बाहेर तिला कापडाची सळसळ ऐकू आली. बाहीत हात जाताना होते तशी, आधी एक, मग दुसरी. कोट बाहेर आला तेव्हा त्याच्या पाठीवर खडूच्या खुणा होत्या आणि डाव्या खांद्यावर टाचण्या, बरोबर अर्धा इंच. तिनं अस्तरात हात घातला. काखेत कापड कोमट होतं.

"तुम्ही घातला होतात का हो?"

"मला मोठा होतो," मास्तर म्हणाले.

खरंच होत होता. दुसऱ्या दिवशी तिनं त्यांना उजेडात उभं करून टेप लावली. छाती सदतीस. पोट पस्तीस. खांदे दोन्ही सारखे. ते लहान मुलासारखे उभे राहिले. मान खाली घालून म्हणाले, "तुला मी नको आहे का गं?"

तिनं टेप बाजूला टाकून त्यांचा हात धरला. हात गरम होता, आणि नाडी नीट चालत होती.

आकडे तिनं कुठेही लिहिले नाहीत. कुणाला सांगितलेही नाहीत.

तिसऱ्या दिवशी, दुपारचे तीन. रस्त्यावर ऊन. मास्तर तिच्या शेजारी स्टुलावर बसून कच्चे टाके उसवत होते. ती वही चाळत होती.

पडद्याआडून आवाज आला. "उंची एकोणतीस."

आवाज भरदार होता. घाईतला, थोडा थट्टेखोर. सहा महिने तो तिनं ऐकला नव्हता.

शेजारी मास्तरांनी सुई खाली ठेवली. ते उठले. हात अंगापासून जरा दूर धरून, समोर बघत ताठ उभे राहिले.

"छाती सदतीस."

पितळी कडी हलत नव्हती.

"पोट आत घेऊ नका साहेब, कापड खोटं बोलत नाही."

ती हसली. तीस वर्षांची सवय, हसू आधी आलं आणि भीती मागून.

"पोट पस्तीस. खांदा साडेअठरा, दोन्ही सारखे. बाही चोवीस."

"अगं," शेजारचा माणूस पुटपुटला. त्याची नजर समोरून हलली नव्हती. "लिहू नकोस."

तिनं मांडीकडे पाहिलं. पेन चाललं होतं. ओळ सरळ होती, अक्षर नेहमीचं.

"गळा पंधरा."

तेही लिहून झालं.

"झालं," आतून मास्तर म्हणाले. "श्वास सोडा."

शेजारच्या माणसानं श्वास सोडला. ती पेन धरून बसली, पुढचा तो कधी घेतो याची वाट पाहत.