मार्टा कोस्केलाने बसवलेले ब्रेक

रूबेन लाहती मला पहिल्यांदा दिसला तेव्हा त्याच्या बोटीच्या ट्रेलरमधून धूर निघत होता. आणि तो पावसात उभा राहून त्या धुराकडे असा बघत होता, की जणू माफी धुरानेच मागायची होती.

मे महिना होता. रस्त्याच्या कडेला अजून काळपट बर्फाचे ढीग, वरून बारीक थंड पाऊस. मी कॅल्युमेटहून मांस-बटाटा भरलेल्या गरम पेस्ट्या घेऊन क्विन्सीचा उतार उतरत होते आणि भर उतारावर हा गृहस्थ वाट अडवून उभा. मी गाडी कडेला घेतली, काच खाली केली.

"मासे पकडायच्या आधीच भाजायला घेतलेत वाटतं?"

त्याने मान वळवली. भिजलेले केस, भुवईवर अडकलेला पाण्याचा थेंब... आणि डोळे इतके करडे, की पुढे काय बोलायचं ते मी विसरूनच गेले. माझं असं होत नाही. विचारा गावात कोणालाही.

"तुम्ही मदत करणार आहात की नुसतंच बोलणार?"

"दोन्ही करते. आधी बोलणं."

मी उतरून चाकाजवळ हात नेला आणि चटकन मागे घेतला. "जुने धक्क्याचे ब्रेक आहेत. उतारावर बोट मागून गाडीला ढकलते, त्या ढकलण्यानेच ते लागतात. एवढ्या लांब उतारावर ती सारखी ढकलणार, ते सारखे घासणार. मग तवा तापणारच ना?"

"माझे काका आयुष्यभर हाच ट्रेलर ओढत होते."

"काका हळू उतरत असतील."

त्याने ओठ दाबले, पण हसू सुटलंच. "आणि आपण कोण?"

"मार्टा कोस्केला. खाली हॅनकॉकमध्ये ट्रेलर दुरुस्तीचं दुकान आहे ते आमचं." मी एक पेस्टी त्याच्या हातात ठेवली. "घ्या, खा. चाकं गार होईपर्यंत निघायचं नाही."

दुसऱ्या दिवशी ट्रेलर आमच्या दुकानात आला. काकांची बोट आता रूबेनकडे आली होती. उन्हाळाभर पर्यटकांना सुपीरियर सरोवरावर मासेमारीला न्यायचं, आणि त्यासाठी रोज ती क्विन्सीची घाटी चढायची-उतरायची, असा त्याचा बेत होता. बाबा म्हणाले, घासलेले भाग बदल, झालं काम. मी म्हटलं, नाही. याला विजेवर चालणारे तेलाचे ब्रेक बसवायचे. ट्रेलरच्या दांड्यावर एक पेटी. गाडीतून करंट आला की पेटी तेल ढकलते, तेल ब्रेक दाबतं. बोटीने ढकलायची वाट बघायलाच नको.

"करंट आणि पाणी," बाबा म्हणाले. "एकाच ट्रेलरवर. वा."

"बाबा, पेटी बंदिस्त असते. आणि ती पाण्यात जातच नाही, दांडा वर असतो."

बाबांनी हात पुसायला घेतले. बाबा हात पुसायला लागले की समजायचं, आता निकाल लागणार. "बसव. पण बंदरावर या ब्रेकनी मला चारचौघांत तोंडघशी पाडलं, तर यापुढे या दुकानात मी सांगेन तेच काम करायचं. तुझं डोकं घरी ठेवून यायचं."

माझं सगळं जे काही आहे ते या डोक्यात आणि या हातांत आहे हो. पण चेहऱ्यावर मी काही दाखवलं नाही. "चालेल," म्हटलं.

रूबेन रोज काम बघायला यायचा. बघायचा काय, दिवा धरून उभा राहायचा, आणि दिवा ब्रेकवर कमी नि माझ्यावर जास्त.

"मला नळी दिसत नाहीये," मी ट्रेलरखालून म्हणायची.

"मला सगळं छान दिसतंय," तो म्हणायचा. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही.

काम झालं तसं त्याला घेऊन घाटीवर गेले. स्टिअरिंगजवळ मी एक छोटी दांडी बसवली होती. ती दाबली की गाडीचे ब्रेक तसेच, फक्त ट्रेलरचे लागतात.

"बोट मागे हेलकावे खायला लागली की पाय उचलायचा आणि ही दाबायची. हळूच. अशी." मी त्याच्या अंगठ्यावर माझा अंगठा ठेवून दाबला. मागची अख्खी बोट नम्रपणे मंदावली.

"कळलं नाही," तो म्हणाला. "परत दाखव."

"तुला कळलंय."

"असेल... पण परत दाखव ना."

मी परत दाखवलं. मग आणखी एकदा. घाटी संपली तेव्हा मी चाकाला हात लावून बघितला. कोमट. तिथे रस्त्यातच नाचावंसं वाटलं मला, खोटं कशाला बोलू.

शनिवारी बोट पाण्यात उतरायची होती. बंदरात, कालव्याच्या पाण्यात उतरत जाणाऱ्या रॅम्पवर निम्मं गाव जमलं होतं. रॅम्प ओला, शेवाळलेला. आणि इथली एक सवय आहे. बोट मागे घेण्याआधी जो तो ट्रेलरच्या दिव्यांचा प्लग काढतो. पूर्वी गरम बल्ब गार पाण्यात गेला की फुटायचा, म्हणून. ते बल्ब कधीच गेले, हात मात्र अजून तसेच वळतात. जुन्या ब्रेकना प्लगशी देणंघेणं नव्हतं. माझ्या ब्रेकचा करंट त्यातूनच जातो. मी रूबेनला बजावलंही होतं. पण एवढ्या नजरा त्याच्यावर, आणि लहानपणापासूनची सवय... तो उतरला, प्लग काढला, परत गाडीत बसला. मी तेव्हा मागे बोटीचे पट्टे सोडत होते.

ट्रेलर उतारावर आला, गाडीची चाकं शेवाळ्यावर आली, आणि सगळंच घसरायला लागलं. रूबेनने गाडीचा ब्रेक पूर्ण दाबून धरला होता, तरी गाडी बोटीमागे पाण्याकडे चालली.

मी दांड्याकडे धावले. गाडी आणि ट्रेलरच्या मध्ये एक बारीक तार असते. चुकून ट्रेलर सुटलाच, तर ती तार खुंटी उपसते आणि पेटी आपल्याच बॅटरीवर ब्रेक आवळते. मी ती तार दोन्ही हातांनी खेचली. पेटी घुरघुरली, ट्रेलरची चारही चाकं जागच्या जागी थांबली, आणि त्यांनी गाडीलाही धरून ठेवलं.

कोणीतरी मागून म्हणालं, "गेले वाइनोच्या पोरीचे करंटचे ब्रेक."

वाइनो म्हणजे माझे बाबा, आणि ते माझ्याकडेच बघत होते. मला लोंबणारा प्लग दिसला. बोलले असते तर पहिल्याच दिवशी बंदरावर रूबेनचं हसं झालं असतं, आणि इथे लोक नातवंडांपर्यंत विसरत नाहीत. न बोलावं, तर माझं डोकं कायमचं घरी.

गाडीचं दार उघडलं. रूबेन खाली उतरला, त्याने प्लग उचलून सगळ्यांना दिसेल असा धरला.

"हा मी काढला. मार्टाने सांगितलं होतं, तरी काढला. ब्रेकमध्ये काही खोट नाही. आत्ता माझी बोट धरून ठेवलीय ती तिच्याच ब्रेकनी."

आमच्याकडचे पुरुष चूक कबूल करण्यापेक्षा बोट बुडवणं पसंत करतात. त्या क्षणी मी त्याच्या प्रेमात पडले. आधी थोडी पडलेच होते, आता पुरती.

बाबा सावकाश उतरून आले. त्यांनी एका चाकाला लाथ मारून बघितली. चाक हललं नाही.

"जुने असते तर, बाबा?"

"जुने मागे जाताना धरतच नाहीत," ते पाण्याकडे बघत म्हणाले. मग वळून त्या सगळ्या माणसांना, माझ्या जन्मात ऐकला नव्हता इतक्या मोठ्या आवाजात सांगितलं, "माझ्या पोरीने बसवलेत हे." आणि मला म्हणाले, "माझ्या ट्रेलरला कधी बसवतेस?"

माझे डोळे भरून आले होते. "रांगेत उभे राहा, बाबा."

"आणि मी?" रूबेनने हळूच विचारलं. "मी कुठे उभा राहू?"

"तुला रांग नाही. मला तू आवडतोस, रूबेन."

रॅम्पवरच्या झाडून सगळ्या माणसांना एकदम आपापल्या दोरखंडांत काहीतरी महत्त्वाचं दिसायला लागलं. रूबेनचे कान लालबुंद.

"मग मीही एक सांगतो," तो म्हणाला. "मी रोज येऊन उभा राहायचो ना... ती पेटी नेमकी काय करते, मला अजून कळलेलं नाही."

मी हसत हसत प्लग जागेवर बसवला, खुंटी परत खोचली. बोट या वेळी शहाण्यासारखी पाण्यात उतरली. बाबा टोपी नीट करून निघाले, आणि जाता जाता, कोणाकडेही न बघता म्हणाले, "आज सौना तापवतोय. लाहतीच्या पोराला सांग, टॉवेल घेऊन यायचं."

आमच्याकडे शनिवारच्या सौनाला, म्हणजे वाफेच्या न्हाणीला, घरचीच माणसं असतात. बंदरावर सगळ्यांनी ते ऐकलं, आणि मी मान ताठ ठेवून सगळ्यांना ऐकू दिलं.

रूबेनने माझा ग्रीसने माखलेला हात हातात घेतला. "टॉवेल कुठला आणू?"

"धुतलेला," मी म्हटलं, आणि हात काही सोडवून घेतला नाही.