दोन असामी

मुंबईची तार आली तेव्हा मी कोल्हापुरात, गॅरेजात, एका मोटारीचा कार्ब्युरेटर साफ करत होतो. माझ्या धाकट्या भावाच्या, भिमाजीच्या, पायावर गोदीत लोखंडी पेटी पडली होती. पाय सडत चालला होता, तो कापायला हवा होता, आणि कापायला नातलगाची सही हवी होती. आम्हा दोघांना एकमेकांशिवाय कुणी नाही. परवा सकाळपर्यंत पोचा, एवढंच तारेत होतं.

आगगाडीत लष्कराची गर्दी, म्हणून मालकांची फटफटी मागून घेतली. त्रेचाळीस सालचा श्रावण. लढाईमुळे पेट्रोलला कूपन, गाडीला परवाना, माणसाला पास. संस्थानाच्या हद्दीवर एक नाका, साताऱ्यात दुसरा, पुण्यात तिसरा. प्रत्येक ठिकाणी कुणी कारकून तोच कागद उलटासुलटा करून विचारायचा, "किती असामी?" मी एकटा उभा आहे हे आंधळ्यालाही दिसलं असतं, पण सरकारात दिसलेलं चालत नाही, सांगावं लागतं. वडगाव मावळच्या कचेरीत तर कारकून भाऊसाहेब जेवायला गेले होते. दोन तास तिथंच गेले. माझं डोकं भडकलं होतं, खोटं कशाला सांगू?

कामशेत मागं पडलं आणि भरदुपारी धुकं उतरलं. ओल्या खाचरांचा वास, खाली गाडीची फटफट, बाकी जग नाहीसं झालं. वलवणच्या धरणाजवळ चष्मा पुसायला थांबलो. पुन्हा निघालो तेव्हा मागचं चाक दबल्यासारखं वाटलं. उतरून बघितलं, हवा ठीक होती.

लोणावळ्याच्या पुढं बांबू आडवा टाकून नाका केला होता. मावळातला तांदूळ घाटाखाली जाऊ नये म्हणून. पत्र्याच्या शेडमध्ये रखमाजी नावाचे कारकून लिहीत बसले होते. बाहेर कोंडाजी शिपाई उभा होता, हातात लोखंडी कड्यांची काठी.

"किती असामी?" रखमाजींनी मान वर न करता विचारलं.

"एक."

"दोन हायत," कोंडाजी म्हणाला.

मला हसू आलं. मी मागं वळून पाहिलं. सीट रिकामी होती, नुसती ओली. पण कोंडाजी हसत नव्हता.

"रावसाहेब... ह्यो नवसू हाय. ह्याला तर आपन..."

"गप," रखमाजी म्हणाले. मग त्यांनीही वर पाहिलं, आणि त्यांच्या हातातला टाक गळून पडला.

कोंडाजीनं काठी उगारली आणि माझ्या मागच्या रिकाम्या सीटवर हाणली. आवाज चामड्याचा नव्हता. मांसावर काठी बसते, तसा होता. दुसरा तडाखा बसला आणि कोंडाजीच्या पाठीवरचा खाकी सदरा टर्रकन फाटला. मारत होता तो सीटला, फुटत होती त्याचीच पाठ. तो किंचाळत होता, पण हात थांबवत नव्हता, थांबवता येत नव्हता त्याला. त्याचा खांदा निखळला. मग जबडा फुटला, दात चिखलात पडले. शेवटी तो पालथा पडला, श्वास गेला, तरी काठीचा हात आणखी दोनदा वर उठून खाली आला.

रखमाजी टेबलाखालून बोलत होते. नवसू ठाकर, डोंगरावरच्या वाडीतला. आषाढात घाटाखाली बाळंत झालेल्या लेकीला गाठोडंभर तांदूळ घेऊन निघाला होता. कोंडाजीनं मारलं, मरेस्तोवर मारलं. वलवणच्या पाण्यात टाकलं. पाय घसरून बुडाला, असं रखमाजींनी लिहिलं.

"याला घेऊन जा हो इथून," ते म्हणाले. "हा तुमचा माणूस आहे, असं लिहून द्या. दोघांचा पास करतो."

"मला सोडा. मी एकटा आहे."

"एकट्याला नाही सोडणार... दोघं जात असाल तर बांबू उचलतो."

तिथं थांबून फौजदाराला बोलवायला हवं होतं, हे मलाही कळत होतं. पण माझ्या डोळ्यांपुढं भिमाचा पाय होता. मी म्हणालो, "हो. माझाच माणूस आहे." आणि सही केली.

घाट उतरताना माझ्या मानेवर कुणाचा तरी थंड श्वास लागत होता. खोपोलीच्या नाक्याजवळ गाडी एकदम हलकी झाली. माझा जीव भांड्यात पडला, पण तो घटकाभरच.

"पास दोघांचा हाय," तिथला शिपाई म्हणाला. "दुसरा कुटं?"

वाटेत उतरला, म्हणालो. घाटात? धुक्यात? त्यांनी मला कोठडीत टाकलं. माणूस दरीत ढकलला की काय, याची सकाळी चौकशी करणार होते. रात्रभर मी गजांवर डोकं आपटत होतो. माझ्या सहीनंच मला अडकवलं होतं आणि तिकडं माझा भाऊ मरत होता. सकाळी फौजदार आला. प्रेत नाही, तक्रार नाही, म्हणून त्यानं मला हाकलून दिलं.

इस्पितळात पोचलो तेव्हा दुपार झाली होती. पाय पहाटेच कापला होता. भिमा जिवंत होता.

"तुमचा माणूस रात्री आला ना," डॉक्टर म्हणाले. "त्यानंच अंगठा दिला."

भिमाच्या उशाशी बसून मी खूप रडलो. त्यानं माझा हात धरला.

"दादा, कोन होता रं त्यो? सारी रात उभा ऱ्हायला. बस म्हनलं तर पाठ टेकवत न्हाई म्हनला." मग आवाज बारीक करून म्हणाला, "तुज्यासाठी निरोप दिलाय. परत जाताना मला घिऊन जा. मारनारा गेला, लिवनारा ऱ्हायलाय."

मी आगगाडीनं परत जाऊ शकलो असतो. गेलो नाही. भाऊ श्वास घेत होता, आणि तो श्वास कुणाच्या अंगठ्यावर चालला होता हे मला ठाऊक होतं. पाचव्या दिवशी फाटकाबाहेर गाडी सुरू केली आणि मागचं चाक दबलं.

लोणावळ्यात पुन्हा धुकं होतं. नवा शिपाई बांबूपाशी डुलक्या घेत होता. रखमाजी लिहीत होते.

"किती असामी?"

मी म्हणालो, "दोन."

त्यांनी वर पाहिलं. मी थांबलो नाही, बांबू हातानंच लोटला आणि निघालो. मागं टेबल उलथल्याचा आवाज झाला. मग पहिला तडाखा.

"अहो, एक म्हणा..." रखमाजी माझ्यामागे ओरडत होते. "नुसतं एक म्हणा..."

मी ते म्हटलं नाही.

वलवण आलं तरी गाडी हलकी झाली नाही. उलट चाक आणखी दबलं, इतकं की मडगार्ड घासायला लागलं. कामशेतच्या भर बाजारात लोक माझ्याकडे बघून बाजूला होत होते.

वडगावच्या कचेरीत भाऊसाहेब या खेपेला जागेवर होते. त्यांनी कागद उलटासुलटा केला, खिडकीतून वाकून गाडीकडे पाहिलं, आणि कपाळाला आठ्या घालून म्हणाले,

"पास दोघांचा आहे. तुम्ही तिघं कसे?"