पाह्यलं काय गा, केशव?

ही गोष्ट घडलेली आहे. रचायचीच असती, तर तिच्यात मी शेजाऱ्याचे वडील घातले असते. स्वतःचे घातले नसते.

भुतांवर माझा विश्वास नाही. कॉलेजात शिकलेल्या माणसाचा नसतो. निदान दिवेलागणीपर्यंत तरी नसतो.

आणि ही मध्यरात्रीची गोष्टही नाही. अमावस्या, पिंपळ, पैंजण, यातलं काहीच माझ्याजवळ नाही. वेळ संध्याकाळची. महिना वैशाख, साल एकोणीसशे पाच. जागा नागपूर, इतवारीच्या मागच्या गल्लीतलं आमचं कवेलूचं, म्हणजे कौलारू घर.

आजोबा, गणपतराव, मौद्याकडची शेती भावावर टाकून इथे धान्याच्या दुकानावर बसले होते. माझे वडील केशव हे घरातले कॉलेजात जाणारे पहिले. त्यामुळे त्यांना कुणी काम सांगत नसे. माझी आई जयवंता तेव्हा गरोदर होती. म्हणजे एका अर्थी मीही तिथे होतो, पण माझी साक्ष धरू नका.

आणि मनकर्णा आत्या. आजोबांची थोरली बहीण, वडिलांची आत्या. लवकर विधवा झालेली, भावाचं घर सांभाळणारी. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उजेड कुठे आहे आणि अंधार कुठे आहे, एवढंच कळायचं.

अशा बाईनं घराची राखण आपल्याकडे घेतली होती.

रोज दिवेलागणीला ती काठी घेऊन निघायची. काठीच्या टोकाला लोखंडी शेंबी. मोरीच्या तोंडाशी ठक… ठक. रांजणामागे ठक… ठक. गुंडाळलेल्या अंथरुणांवर, उंबऱ्यावर, आणि शेवटी सांदवाडीत, म्हणजे घरामागच्या अंगणात, रचलेल्या गोवऱ्यांवर.

नागपूरचा उन्हाळा. दिवसभर जमीन तापते, आणि संध्याकाळी जे जमिनीखाली असतं ते गारव्याला घरात येतं. विंचू येतो. आणि ज्याचं नाव तिन्हीसांजेला घेत नाहीत, तेही येतं. आत्या त्याला 'जनावर' म्हणायची.

काठीनं ठोकायचं. जरा थांबायचं. मग कुणीतरी पाहायचं, की काही हललं का.

ठोकणं आत्याला जमायचं. पाहणं जमत नव्हतं. म्हणून ती ओरडून विचारायची,

"पाह्यलं काय गा, केशव?"

आणि ओसरीवर पुस्तक घेऊन बसलेले वडील म्हणायचे,

"पाहिलं, आत्या."

मान वर न करता.

कधीकधी आई चिडायची. "अजी, उठून तं पाहा ना! तिले दिसत नाही, तुमाले तं दिसते."

"अगं, काही नसतं तिथे. रोजचंच आहे तिचं."

आत्याला ऐकू मात्र चांगलं यायचं. ती म्हणायची, "हास गा, हास. जनावर काई सांगून येत नाई. पन तुह्या लेकराच्या पाळण्याले मी सोताच ठोकीन. तुह्यावर भरवसा नाई मले."

भरवसा नाही, असं म्हणायची. आणि वडील 'पाहिलं' म्हणाले की निर्धास्त हात घालायची.

त्या संध्याकाळीही तसंच झालं.

आजोबा दुकानात. आई आत भाकरीचं पीठ मळत होती. वडील ओसरीवर तर्कशास्त्र वाचत होते. परीक्षा जवळ आली होती. धडा निरीक्षणाविषयीचा होता, हे त्यांनी मला पुढे कधीतरी सांगितलं. हसले नाहीत. मीही हसलो नाही.

सांदवाडीतून आवाज आला.

ठक… ठक…

"पाह्यलं काय गा, केशव?"

"पाहिलं, आत्या."

आत्यानं चुलीसाठी गोवऱ्या काढल्या. पदरात घेऊन ओसरीवर आली. वडिलांसमोर बोट धरलं.

"काडी टोचली वाटते. पाहून दे बरं."

"काडीच आहे आत्या. काही नाही."

पान उलटलं.

आत्या आत गेली. चूल पेटवली. भाकऱ्या थापल्या. वडिलांना वाढलं. वाढताना म्हणाली, "आज झोप येऊन राह्यली गा लई. डोये मिटूनच राह्यले."

तिच्या पापण्या खाली आल्या होत्या. दिसत नसलेल्या डोळ्यांवर पापण्या आल्या, तर कोणाच्या लक्षात येणार?

पहाटे ती उठली नाही.

आंघोळ घालताना आईला तिच्या बोटावर दोन ठिपके दिसले. टाचणीनं टोचावं तेवढे. आईनं वडिलांना हाक मारली. वडिलांनी कंदील जवळ धरला.

तेव्हा त्यांनी ते बोट पहिल्यांदा पाहिलं.

दुपारी गल्लीतल्या माणसांनी गोवऱ्या उपसल्या. तळाशी मण्यार निघाला. काळा, अंगावर पांढरे पट्टे. मण्यारचा दात लागला तर फारसं दुखत नाही म्हणतात. काडी टोचल्यासारखं वाटतं.

'पाहिलं' म्हटल्याचं वडील घरात कुणाला बोलले नाहीत. आईनं ते आतून ऐकलं होतं. तीही बोलली नाही.

आत्याची काठी आजोबांनी तिच्या चितेवर ठेवली. "बाईले वाटंनं लागन," म्हणाले. शेंबीसकट जळली. राखेत लोखंडाचं कडं सापडलं, तेही नदीत सोडलं.

हे सांगतोय ते अशासाठी, की काठी घरात नव्हती.

तेरवी झाली. पाहुणे गेले. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला आई देवापुढे दिवा लावत होती…

आणि सांदवाडीतून आवाज आला.

ठक… ठक…

आईच्या हातातली वात तशीच राहिली.

आजोबा म्हणाले, "बकरी असन कोनाची."

सांदवाडीत बकरी नव्हती. गोवऱ्याही नव्हत्या. रिकामा कोपरा होता.

ठोकणं सगळ्यांनी ऐकलं. पण नंतरची शांतता… ती फक्त वडिलांना शांतता वाटली नाही. त्यांना त्या शांततेत प्रश्न ऐकू आला. नेहमीच्याच आवाजात. रागाचा नाही, रडका नाही.

"पाह्यलं काय गा, केशव?"

वडील उठले. कंदील घेऊन गेले. कोपऱ्यात वाकून वाकून पाहिलं. मग म्हणाले, "पाहिलं, आत्या."

आवाज पुढे सरकला. रांजण. मोरी. उंबरा. वडील कंदील घेऊन मागे मागे.

आता तुम्ही म्हणाल, मांत्रिक आणला असेल, घर सोडलं असेल. तसं काही झालं नाही. रोज संध्याकाळी ठक व्हायची, वडील जाऊन पाहायचे, ठक थांबायची. एकदा रांजणामागे विंचू निघाला. एकदा अंथरुणात घोण निघाली. हळूहळू आईची भीती गेली. शेजारच्या रंभाबाईला ती सांगायची, "आत्याबाई हायेत ना घरात. मले कायची भीती?"

माझा जन्म त्या हिवाळ्यातला. पाळणा ओसरीलगतच्या खोलीत टांगला होता.

पुन्हा वैशाख आला.

माणसाला भुताचीही सवय होते. हे मी टिंगल म्हणून लिहीत नाही. वडिलांना पुढली परीक्षा होती. रोज उठायचं, वाकायचं, कंदील फिरवायचा. बहुतेक वेळा काहीच नसायचं. पश्चात्तापालासुद्धा रोज त्याच वेळी उठवलं, की तो कंटाळतो.

त्या संध्याकाळी धुळीचं वादळ येऊन गेलं होतं. वारा अगदी पडलेला. आई विहिरीवर होती. आजोबा दुकानात. मी पाळण्यात झोपलेलो. वडील ओसरीवर, कंदिलाजवळ, पुस्तकात.

ठक… ठक…

मोरीकडे असेल.

ठक… ठक…

उंबऱ्याशी असेल. हे पान संपवून उठू.

ठक…

हा आवाज वेगळा होता. दगडावरचा नव्हता. लाकडावरचा होता. हलक्या, सुक्या लाकडावरचा.

आणि लगेच, अगदी जवळून…

"पाह्यलं काय गा, केशव?"

"पाहिलं, आत्या."

मान वर न करता.

आवाज थांबला.

वडिलांनी ओळ पूर्ण वाचली. मग त्यांच्या लक्षात आलं, की घरात सुक्या लाकडाची अशी एकच वस्तू आहे.

ते मला सांगत, "पुस्तक कुठे पडलं, कंदील कसा उचलला, मला आठवत नाही. पाळणा हलत होता. वारा नव्हता."

त्यांनी मला उचललं. पाळण्यातलं एकेक फडकं काढून झटकलं. दोरी पाहिली. वरची कडी पाहिली. खालची जमीन पाहिली. माझे हात, पाय, बोटं, बोटांच्या बेचक्या, कानामागे, सगळं कंदिलाजवळ धरून पाहिलं. आई विहिरीवरून आली, तेव्हा मी उघडानागडा रडत होतो आणि वडील माझी बोटं उलटसुलट करत होते.

"काय झालं जी? काय झालं पोराले?"

"पाहतो आहे."

"काय पाहून राहिले?"

वडिलांनी माझा दुसरा हात कंदिलाजवळ धरला.

काहीच सापडलं नाही. जनावर नाही, विंचू नाही, मुंगीसुद्धा नाही. पाळण्यात फक्त मी होतो.

दुसऱ्या दिवशी वडील दिवेलागणीच्या आधीपासून कंदील घेऊन उभे राहिले.

आवाज आला नाही.

तिसऱ्या दिवशी नाही. पुढल्या महिन्यात नाही. पुढल्या उन्हाळ्यात नाही.

आई म्हणाली, "नातू पाह्यला डोये भरून. सुटली आत्याबाई." आजोबांनी नारळ फोडला.

वडिलांना तसं वाटलं नाही. मरेपर्यंत वाटलं नाही. ते म्हणायचे, "ती सुटली नाही रे. ती लेकराच्या पाळण्याशी आली होती. तिनं विचारलं, मी पाहिलं म्हणालो. तिनं खरं मानलं."

आणि मग हळूच, "दोन्ही वेळा मानलं."

त्यानंतर वडिलांनी काठी घेतली. तिला लोखंडी शेंबी बसवून आणली. सरकारी नोकरी लागली, टोपी-कोट आला, पण संध्याकाळी हा माणूस घरभर ठकठक करत फिरायचा आणि प्रत्येक ठिकाणी वाकून पाहायचा. पाहिलेलं पुन्हा पाहायचा. गल्लीतली पोरं त्यांना 'ठकठकराव' म्हणायची. मीही म्हणायचो, घराबाहेर. खेळताना मला काही टोचलं तर मी लपवायचो, कारण एकदा सांगितलं की अर्धा तास बोट दिव्याखाली.

आज ते बोट धरणारं कुणी नाही. वडील गेल्या वर्षी वारले.

आता शेवटचं. हे लिहायचं की नाही, यावर मी बरेच दिवस घालवले.

आम्ही आता धंतोलीत राहतो. सिमेंटची जमीन, विजेचा दिवा, सांदवाडी नाही, गोवऱ्या नाहीत. जनावरानं यावं असं या घरात काही नाही. मुलगी पहिल्या बाळंतपणाला आली आहे. नात महिन्याची आहे. पाळणा तोच. माझी बायको इंदू म्हणाली, इतकं चांगलं सागवान कशाला टाकायचं.

मागच्या आठवड्यातली संध्याकाळ. मी वडिलांच्या खुर्चीत बसून पेपर वाचत होतो. माझा आवाज हुबेहूब वडिलांसारखा आहे, असं सगळे म्हणतात. त्यांचे मित्र अजून दारातून माझी हाक ऐकून दचकतात.

पेपरात वाचायजोगं बरंच होतं. माझं लक्ष त्यात होतं.

कुणीतरी विचारलं.

मी म्हणालो, "पाहिलं, आत्या."

स्वयंपाकघरातून इंदू म्हणाली, "कोन आत्या? कोनाशी बोलून राहिले जी?"

मी पेपर खाली ठेवला.

मला आत्या नाही. वडील एकुलते होते.

पाळणा पाहिला. नातीची बोटं पाहिली, दिव्याखाली धरून, एकेक. मोरी पाहिली. अंथरुणं झटकली. जोडे उलटे करून आपटले. कोळशाची टोपली दारापुढे रिकामी केली. इंदू कमरेवर हात ठेवून उभी होती. "मामंजीच अंगात आले वाटते," म्हणाली. मुलगी हसली.

काही सापडलं नाही.

त्या दिवसापासून मी रोज पाहतो. वडिलांची काठी माळ्यावरून काढली आहे. संध्याकाळी खुर्ची भिंतीपासून दूर ओढून कान देऊन बसतो. पेपर बंद केला आहे. पुन्हा विचारलं, तर या वेळी उठायचं, एवढंच ठरवून बसतो.

कुणी विचारत नाही.

वडिलांना निदान माहीत होतं, की ठक पाळण्यावर झाली. त्यांना एक जागा तरी होती पाहायला.

विचारण्याआधी ती ठोकते. नेहमी. म्हणजे त्या संध्याकाळीही या घरात कुठेतरी ठक झालीच असणार.

कुठे झाली, ते मी ऐकलं नाही.

मी पेपर वाचत होतो.