अकरावा प्रयत्न

पीं...

एवढासाच आवाज, पण बटणचे डोळे टक्क उघडले.

तिला झोपवायला मला पाऊण तास लागला होता. थोपटून थोपटून हात निखळायला आला होता, तीच ती सशाची गोष्ट सांगून बहुधा ससाही कंटाळला होता. चोरपावलांनी स्वयंपाकघरात येऊन मी मैद्याचा डबा उघडते न उघडते, तोच ओट्यावरचा नवा वजनकाटा आपला आपण किंचाळला.

“आई, सकाळ झाली?”

“नाही गं राणी, दुपारच आहे. झोप.”

“मग काटा का उठला?”

मी काट्याकडे पाहिलं. वर काही ठेवलेलं नसताना तो चौदा ग्रॅम दाखवत होता. मग उणे सहा. मग पुन्हा चौदा. दुपारी दोन ते साडेतीन, माझ्या चार वर्षांच्या मुलीची झोप, एवढ्या दीड तासावर माझा खाण्याचा ब्लॉग उभा आहे. तीन वर्षं तो तसाच उभा आहे, एका पायावर. बटणचे बाबा दुसऱ्या शहरात दुसऱ्या संसारात रमले, तेव्हापासून. त्याचा आता राग नाही. रागाला वेळच नाही.

आणि नेमकं याच आठवड्यात काहीही बिघडून चालणार नव्हतं. रविवारच्या पुरवणीच्या संपादकबाईंना माझा केळ्याचा केक आवडला होता, म्हणजे फोटोत आवडला होता. गुरुवारी त्या स्वतः तो करून बघणार होत्या. जमला, तर पुरवणीत दर आठवड्याला माझं सदर. नाही जमला, तर पुढच्या महिन्यापासून मी एका ऑफिसात नऊ ते सहा आणि बटण पाळणाघरात. ऑफिसला मी ‘कळवते’ म्हणून ठेवलं होतं. दोनदा.

काटा तरी मी का घेतला? एका माणसाच्या त्रासापायी.

ब्लॉगवर त्या केकखाली सगळे कसं छान लिहायचे... ताई, मस्त! ताई, तोंडाला पाणी सुटलं! आणि त्यात हा एक. पहिल्यांदा आला तो ‘पहिला प्रयत्न’ असं नाव घेऊन. “ताई, केक मध्यभागी खचला.” मी गोड शब्दांत लिहिलं, ओव्हन मध्येच उघडू नका. पंधरा दिवसांनी पुन्हा हजर, नाव ‘दुसरा प्रयत्न’. “ताई, ओव्हन उघडला नाही. खचला.” तिसरा, चौथा, सातवा... माणूस थकेना. परवा ‘अकरावा प्रयत्न’ आला होता : “ताई, यावेळी श्वाससुद्धा रोखून धरला होता. खचला. प्रमाण वजनात देता का?”

म्हणून काटा. आणि आता काट्यालाही वेड लागलं होतं. झोपेचं तर वाटोळं झालंच होतं, तेव्हा एका हातात काटा आणि दुसऱ्या हातात पेंगुळलेली, चिडलेली बटण घेऊन मी निघाले.

*

वजनकाटे दुरुस्त करणारं दुकान दोन गल्ल्या पलीकडे होतं. मी रोज त्याच्यासमोरून जायचे आणि कधीच आत पाहिलं नव्हतं. आत भिंतभर काटे — झुलणारे, बसके, लहान मुलांना झोपवून तोलायचे — आणि मधोमध एक उंच माणूस चिमट्यानं पितळी वजनं उचलून मखमलीच्या पेटीत ठेवत होता. एकेक. जशी काही अंडी.

“काय त्रास देतो?” काटा हातात घेत त्यानं विचारलं.

“रिकामा असताना वजन दाखवतो. आणि माझ्या मुलीला उठवतो.”

“दुसरा गुन्हा मोठा आहे,” तो म्हणाला आणि पावतीवर माझा पत्ता लिहून घेतला.

बटणची चीड आता कुतूहलात बदलली होती. “काका, हातानं का नाही उचलत?”

“हाताचा घाम लागतो ना. मग वजन बदलतं.” त्यानं काटा उलटा केला, चार स्क्रू काढले, चिमटा आत घातला... आणि वाळलेलं, चपटं, काळं काहीतरी बाहेर काढून कागदावर ठेवलं. “हे कुणाचं?”

“माझी मनुका!” बटण ओरडली. “मी तिला घर दिलं होतं!”

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. त्यानं मात्र अगदी गंभीर चेहऱ्यानं मनुकेची पुडी बांधली आणि बटणच्या हातात दिली.

“काय मोजता यावर?” त्यानं मला विचारलं.

“मैदा, साखर... खाण्याचा ब्लॉग आहे माझा.”

स्क्रू पिळणारा हात थांबला. “कुठला?”

मी नाव सांगितलं. त्याचे कान हळूहळू लाल झाले. कानांपासून लाजणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते.

“तो... केळ्याचा केक?”

“वाचलात?” मी खुललेच. तीन वर्षांत प्रत्यक्ष भेटलेला पहिला वाचक! “मग, करून पाहिलात की नाही?”

“पाहिला.”

“कसा झाला?”

तो काट्याकडे बघत म्हणाला, “पहिला... की अकरावा?”

दुकानातले सगळे काटे एकदम थांबल्यासारखे वाटले मला.

“तुम्ही!” माझा आवाज चढला. “अहो, तुमच्यामुळे हा काटा घेतला मी! तुमच्यामुळे माझी — तिची — झोप —”

“आणि तुमच्यामुळे गेले पाच महिने कुणी नुसतं केळं म्हटलं तरी मी दचकतो.”

“ओव्हन खराब असेल तुमचा.”

“तपासला.”

“मैदा जुना असेल.”

“दर वेळी नवा आणतो. दुकानदार विचारतो, घरात काही कार्य आहे का.”

“मग हातालाच चव नाही तुमच्या!”

“तो मात्र तपासलेला नाही,” तो म्हणाला, आणि वर पाहून हसला. हसायला नको होतं त्यानं. चिडलेल्या माणसासमोर असं हसू नये कुणी. “एक विचारू? तुमचा कप केवढा आहे?”

“कप म्हणजे कप! कप केवढा असणार?”

“आणा एकदा. मोजून देतो.”

“माझा कप दुकानाची पायरी चढणार नाही,” असं म्हणून मी काटा उचलला, बटणला उचललं आणि दारापर्यंत गेले. तिथून राहवेना. “आणि अकरा वेळा ताई-ताई लिहिलंत. मघापासून एकदाही म्हणाला नाहीत!”

“तेव्हा पाहिलं नव्हतं,” तो म्हणाला.

घरी पोचेपर्यंत मी त्याला मनातल्या मनात काय काय सुनावलं, ते इथं लिहिण्यासारखं नाही. आणि मध्येच, का कुणास ठाऊक, हसले.

*

संध्याकाळी मोठ्या बहिणीला फोन लावला. “अक्का, खरं सांग. माझा केळ्याचा केक तुझ्याकडे कसा होतो?”

“छान होतो की.”

“अक्का.”

“अगं... जरासा खचतो. खळगा पडतो मध्ये. मी त्यात क्रीम भरते, मग कुणाला कळत नाही.”

“तीन वर्षं?”

“तू एकटीनं एवढं सगळं उभं करत होतीस. तुला कशाला दुखवायचं? आणि क्रीमसकट चांगला लागतो गं!”

फोन ठेवून मी कितीतरी वेळ फळीवरच्या कपाकडे बघत बसले. निळा, कान तुटलेला. पहिल्या दिवसापासून मी मोजत आले ती त्याच कपानं. माझ्या माणसांनी प्रेमापोटी खळगे बुजवले होते. एकच माणूस दर पंधरवड्याला येऊन सांगत होता की ताई, इथं खड्डा आहे.

रागारागानं मी त्या अकराव्या प्रतिक्रियेखाली लिहिलं, “कप बघायचा असेल तर उद्या दुपारी दोनला या. बेल वाजवू नका.” पाठवल्यावर लक्षात आलं, हे सगळ्यांना दिसतं. सकाळपर्यंत त्रेसष्ट जणांनी तिथं हृदय ठोकलं होतं. एका काकूंनी लिहिलं होतं, “सावकाश होऊ दे.”

*

त्यानं बेल वाजवली नाही. दारावर नखानं टकटक केलं. हातरुमालात गुंडाळलेला एक काचेचा, रेघा आखलेला उंच पेला आणि स्वतःचा मापाचा कप. बटण आत झोपली होती, त्यामुळे सगळं कुजबुजत.

“हा माझा,” त्यानं आपला कप पाण्यानं भरून पेल्यात ओतला. पाणी दोनशे चाळीसच्या रेघेवर येऊन थांबलं. “आता तुमचा.”

निळ्या कपातलं पाणी चढत गेलं. दोनशे चाळीस... दोनशे ऐंशी... तीनशे दहा.

“अंडी सगळीकडे सारखीच,” तो हळूच म्हणाला. “केळी सारखीच, सोडा चमच्यानं. पण तुमच्याकडे मैदा जातो या कपानं, आणि आमच्याकडे... मैदा कमी पडतो. केक फुगतो, पण त्याला उभं राहायला काही नसतं.”

मी फरशीवर बसलेच. “एकशे बेचाळीस,” मी म्हणाले. “एकशे बेचाळीस पाककृती. सगळ्या याच कपानं.”

तोही शेजारी बसला. आम्ही दोघं ओट्याला टेकून, मध्ये तो नालायक निळा कप.

“संपादकबाईंना गुपचूप बदललेलं प्रमाण कळवते,” मी म्हणाले. “केक वाचेल.”

तो रुमालानं पेला पुसू लागला.

“बोला ना.”

“बाकीच्या एकशे एक्केचाळीसांचं काय?”

“अहो, तुम्ही कधीच खोटं बोलत नाही का हो?” माझा आवाज चढला, आतून बटणनं कूस बदलली, आम्ही दोघांनी श्वास धरला.

“ताई लिहायचो की,” तो पुटपुटला.

मला हसू आवरेना. तोंडात कोंबायला पदर नव्हता, म्हणून ओट्यावरचं फडकं कोंबलं. “पण अकरा वेळा? दुसऱ्या कुणी तिसऱ्यालाच सोडून दिलं असतं.”

तो आपल्या कपाच्या कडेवरून बोट फिरवत राहिला. “तुम्ही कृतीच्या आधी लिहिता ना... मुलगी काय म्हणाली, पाऊस कसा खिडकीतून आत आला, दूध उतू गेलं ते. लोक लिहितात, गोष्ट नको, कृती द्या. मी गोष्टीसाठी यायचो. पण नुसतंच ‘आवडलं’ काय लिहायचं? केक केला की... बोलायला निमित्त मिळायचं.” मग म्हणाला, “तशी केळी मला आवडत नाहीत.”

मी म्हणाले, “चहा ठेवते.” आणि साखर दोनदा घातली.

*

त्याच दिवशी मी लिहून टाकलं. मथळा : ‘माझा कप मोठा आहे’. सगळं सांगितलं. मनुका, अक्काचं क्रीम, तीनशे दहाची रेघ. बदललेलं प्रमाण दिलं, माफी मागितली, ‘प्रसिद्ध करा’ दाबलं आणि फोन पिठाच्या डब्यात लपवून ठेवला. आता सगळे सोडून जाणार, संपादकबाई हात झटकणार, सोमवारी ऑफिसला ‘हो’ म्हणायचं... मी बटणचे पाळणाघरात न्यायचे कपडेसुद्धा मनात घडी घालून ठेवले.

डब्यातून फोन वाजत राहिला. लोकांनी फोटो पाठवले होते. खचलेल्या केकांचे, तीन वर्षांचे साठवलेले! कुणी खळग्यात आइस्क्रीम घातलं होतं, कुणी फुलं. “आम्हाला वाटलं आमचंच चुकतं,” असं शंभरेक जणींनी लिहिलं होतं. ते वाचताना मात्र डोळे भरून आले.

गुरुवारी संपादकबाईंचा फोन आला. “केक बरा झाला. सरळ, शहाणा,” त्या म्हणाल्या. “पण असे केक माझ्याकडे ढीगभर येतात. मला ती कपाची गोष्ट हवी. दर रविवारी एक चूक, आणि तिच्याखाली दुरुस्त केलेली कृती. जमेल? चुका आहेत ना तेवढ्या?”

“एकशे एक्केचाळीस,” मी म्हणाले.

*

तेव्हापासून तो शनिवारी दुपारी येतो. नखानं टकटक. मी ओतते, तो मोजतो, आम्ही कुजबुजत भांडतो.

“चिमूटभर म्हणजे किती?”

“चिमूटभर म्हणजे चिमूटभर!”

“कुणाची चिमूट?”

काल चाळिसावी कृती झाली. मी चिमूट दाखवायला हात पुढे केला, मीठ बोटांना चिकटलेलं, मैदा मनगटापर्यंत. आणि चिमट्याशिवाय कशालाही हात न लावणाऱ्या त्या माणसानं तो हात आपल्या हातात घेतला. सावकाश. एक रेघही हलू नये असा.

“घाम लागेल,” मी म्हणाले. माझा आवाज मलाच ऐकू येईना. “वजन... बदलेल.”

“बदलू दे,” तो म्हणाला.

किती वेळ गेला, मोजायचं दोघांनाही सुचलं नाही. मग ओव्हन वाजला, आम्ही दचकलो, मीठ सगळं सांडलं, आणि मी उगीचच त्याच्यावर चिडले. तो कान लाल करून पेला रुमालात गुंडाळू लागला. चपला घालून जिन्यापर्यंत पोचला, तेव्हा मला ओट्यावरचा त्याचा कप दिसला.

“अहो, कप विसरलात!”

त्यानं दोन पायऱ्यांवरून मागे पाहिलं. “विसरलो नाही,” म्हणाला, आणि उतरून गेला.

मी दारातच उभी. वळून बघते तर बटण उठून आलेली, केस गालाला चिकटलेले, डोळे अजून अर्धे झोपेत. तिनं स्टूल ओढलं, वर चढली, तो मापाचा कप दोन्ही हातांनी उचलला आणि फळीवर नेऊन निळ्या कपाला अगदी खेटून ठेवला. जरा मागे सरून नीट बघितलं. मग माझ्याकडे वळली.

“आई, हा कप आता आपला... की काटेकाकांचा?”