पाहुण्यांचे नेटवर्क

ही घटना खरी आहे. मी रचलेली असती, तर तिचा शेवट मी थोडा दयाळू केला असता.

ती माझ्या मावसभावाच्या घरी घडली. सगळे त्याला धाकटा म्हणतात. उताराच्या टोकाला, दुसऱ्या मजल्यावर तो आणि मावशी राहतात. तिथे मोबाइलची रेंज पोहोचत नाही. सगळ्यांचे फोन घरातल्या राउटरच्या भरवशावर.

धाकटा एका कंपनीचे नेटवर्क सांभाळतो. काटेकोर माणूस. घरच्या राउटरचीही तो दर रविवारी तपासणी करायचा. कोण जोडले गेले, कोणी नुसताच प्रयत्न केला, त्याची नोंद वाचायचा.

त्याचा थोरला भाऊ, दादा, अगदी उलटा. घरचा पासवर्ड त्याने ठेवला होता. एक ते आठ आकडे, ओळीने. आणि तो गल्लीभर वाटला. शिंप्याला, समोरच्या पोरांना, मलासुद्धा.

"पासवर्ड आहे की सार्वजनिक नळ?" धाकटा चिडायचा.

"वापरू दे की. आपलं काय झिजतं?"

मग एकदा कुणीतरी धाकट्याच्या कामाच्या फायली उघडल्या. नोकरी जाता जाता वाचली. त्याने त्याच दिवशी पासवर्ड बदलला आणि दादाला सांगितला नाही.

"तुझ्या पोटात काही राहत नाही. तू पाहुण्यांचं नेटवर्क वापर."

दादा हसला. मग हळूच म्हणाला, "मी पाहुणा का रे?"

पाहुण्यांचे नेटवर्क त्याने कधी जोडलेच नाही. त्याच आठवड्यात तो भाड्याच्या खोलीत राहायला गेला.

दोन महिन्यांनी, एका मंगळवारी, संध्याकाळी सहा वाजून पाच मिनिटांनी, उताराखालच्या वळणावर ट्रकने त्याला उडवले. तो जागीच गेला.

तो त्या बाजूला कशाला आला होता, कुणालाच कळले नाही.

त्यानंतर रविवारची तपासणी राहूनच गेली. महिन्याने धाकट्याने नोंदी उघडल्या. आणि…

'दादा. पासवर्ड चुकीचा. ५:४०.'

हे दादाच्या फोनचे नाव. फोन कुणी चोरला असेल? त्याने खण उघडला. फोन तिथेच होता, पोलिसांनी दिलेल्या पिशवीत. काच फुटलेली. बॅटरी वेगळी.

तो नोंदी मागे सरकवत गेला. काल, ५:४०. परवा, ५:४०. रोज…

अनोळखी उपकरण दिसले की ते कायमचे बंद करायचे, हा त्याच्या कामाचा नियम. त्याचे बोट त्या बटणापर्यंत गेले.

पुढे जाईना.

तो आणखी मागे गेला. सगळ्यात पहिली नोंद त्या मंगळवारची होती. ५:४०, ५:४१, ५:४४. तीन वेळा जुना पासवर्ड. तिन्ही वेळा नकार.

म्हणजे दादा आला होता. खाली, दाराशी उभा होता.

धाकटा वरच होता, एकटा. कानात हेडफोन. मीटिंगमध्ये व्यत्यय नको, म्हणून बेलची वायर त्यानेच काढून ठेवली होती.

त्याने मावशीला सगळे सांगितले. तिने खणातली पिशवी मांडीवर घेतली.

"मग जुना टाक की परत."

"आई, तो सुरक्षित नाही…"

बोलला, आणि स्वतःचाच आवाज ऐकून तिथेच खाली बसला.

दुसऱ्या दिवशी त्याने एक ते आठ आकडे ओळीने टाकले. बेलची वायर जोडली. राउटरची यादी उघडून तो बसून राहिला.

५:३९.

५:४०…

'दादा. जोडले गेले. सिग्नल: क्षीण.'

त्याच क्षणी धाकट्याचा फोन वाजला. दादाचा संदेश. पाठवल्याची तारीख, त्या मंगळवारची.

'खाली उभा आहे. बेल वाजत नाही. दार उघड ना. भांडायला नाही आलो.'

धाकटा अनवाणीच जिना उतरला. दार सताड उघडले.

बाहेर कुणीही नव्हते. उतार रिकामा. वळणापर्यंत रिकामा.

"ये ना, दादा," तो म्हणाला. मोठ्याने म्हणवेना.

दार उघडेच ठेवून तो वर आला. यादीत सिग्नल 'मध्यम' झाला होता. जिन्यावर इतकाच मिळतो…

मग 'उत्तम'.

"आला का रे?" आतून मावशीने विचारले.

धाकट्याची नजर घड्याळावर होती. सहा वाजून तीन. चार. पाच.

ते नाव यादीतून गेले नाही.

याला तीन वर्षे झाली. ऑफिसात तो सगळ्यांना दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदलायला लावतो. घरचा मात्र तोच आहे. आणि पाहुण्यांचे नेटवर्क त्याने कायमचे काढून टाकले आहे.

मागच्या महिन्यात मी तिकडे गेलो होतो. मावशी बाजारात गेली होती. माझा फोन आपोआप जोडला गेला. दादाने दिलेला पासवर्ड त्यात अजून होता. धाकट्याने यादी माझ्यापुढे धरली.

माझ्या नावाच्या वर 'दादा' होते. सिग्नल: उत्तम.

खोलीत आम्ही दोघेच होतो. तरीही धाकटा उठला, आणि त्याने तिसरी खुर्ची थोडी जवळ ओढली.